हात काखेत

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार, सकाळी साडेदहा. ठिकाण वाशी तालुक्यातल्या फटाक्यांच्या गावातली अंगणवाडी. गावाचं नाव लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

हजर: मी, म्हणजे या भागातल्या अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. अंगणवाडीच्या ताई. मदतनीस, जी चुलीवर खिचडी ठेवून आली होती आणि सारखी मागं वळून बघत होती. पुण्याहून आलेल्या तपासणीच्या मॅडम, वय तिशीच्या आतलं. जूनमध्ये पहिलीत जाणारी मुलं आणि त्यांच्या आया. शिवाय एक आजी, जिला कुणी बोलावलं नव्हतं. गैरहजर: आमचे साहेब. ते येणार होते.

शिबिर मीच भरवलं होतं. सतरंज्या, पिण्याचं पाणी, आयांना निरोप, मुलांचा क्रम, सगळं आदल्या दिवशीच लावून झालं होतं. मॅडमजवळ एक निळी पेटी होती. तिच्यातून लाकडी ठोकळे, रंगीत मणी, झाकणाची डबी, छोटी मोटार असं एकेक काढून त्या चटईवर मांडायच्या. मुलाला समोर बसवायच्या आणि मऊ आवाजात म्हणायच्या, "हे सगळं तुझं आहे हं. खेळ." मग गप्प राहून बघायच्या. मूल किती वेळानं हात लावतं, आधी काय उचलतं, डबी उघडून आत डोकावतं का, यावरून त्याच्या मनाची वाढ कुठवर आली ते ठरणार होतं. आयांना दाराबाहेर बसवलं होतं आणि बजावलं होतं की मुलाला काहीही सुचवायचं नाही.

बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकांची दोन मुलं आधी बसली. त्यांनी ठोकळे फेकले, मोटार पळवली, पैकीच्या पैकी मिळवले. मग जिची ही गोष्ट ती मुलगी आली. वेण्या घट्ट, फ्रॉक धुतलेला. मांडी घालून बसली, मांडलेल्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवली आणि दोन्ही हात काखेत घातले. उजवा डाव्या काखेत, डावा उजव्या. आणि तशीच बसून राहिली.

मी मनात म्हटलं, शहाणं बाळ.

या गावात घरोघरी फटाक्यांच्या कागदी नळ्या वळल्या जातात. कागद, खळ आणि एक सळई, एवढंच घरात असतं. फटाक्यांची दारू घरात येत नाही. ती गावाबाहेरच्या शेडमध्ये भरतात आणि मुलांना तिकडं पाऊल टाकू देत नाहीत. पण शेडचा नियम घरातच शिकवतात, कारण पाच वर्षांच्या मुलाला कोरडी नळी आणि भरलेली नळी यांतला फरक शिकवत बसणं हा वेडेपणा आहे. नियम असा: मांडून ठेवलेल्या कशालाही हात लावायचा नाही. मोठ्या माणसानं उचलून हातात दिलं तरच घ्यायचं. आणि नुसतं 'हात लावू नको' म्हटल्यानं मुलाचे हात थांबत नाहीत, त्यांना जायला जागा लागते, म्हणून ते काखेत. मूल पावलं टाकायला लागलं की घरातलं कुणीतरी विचारतं, "हात कुठं?" आणि ते हसत हसत हात काखेत घालतं. येरमाळ्याला एका लग्नात मी या गावची पाच-सहा मुलं जिलेबीच्या परातीपुढं तशी ओळीनं उभी असलेली पाहिली आहेत. वाढप्याला वाटलं, पोरांना थंडी वाजतेय.

मी मॅडमना हळूच म्हणाले, "तिच्या हातात एक ठोकळा उचलून द्या. मग बघा."

"ताई, मग ती चाचणीच राहत नाही. आपल्याला तिची उत्स्फूर्तता बघायचीय."

"या गावची रीत आहे ती. मांडलेलं उचलत नाहीत मुलं."

"रीत मोठ्यांची असते. या वयातली जिज्ञासा सगळीकडं सारखीच असते," त्या म्हणाल्या. उद्धटपणानं नाही, हे मुद्दाम नोंदवते. समजावल्यासारखं म्हणाल्या.

दारातून तिची आजी बोलली, "अगं बाई, तू दिलंस तर घेईल की लेकरू. परक्याच्या वस्तूला कशाला हात लावंल? चोर हाय का ती?"

बाहेरच्या बाया हसल्या. मॅडमही हसल्या आणि लिहीत राहिल्या.

त्यानंतर त्याच गल्लीतली आणखी तीन मुलं बसली. तिघांनीही हात काखेत घातले. पण त्यांच्या आया हुशार. दाराच्या फटीतून एकीनं डोळे वटारले, दुसरीनं "घे की रं" असं ओठांनी सांगितलं, तिसरी सरळ खोकली. तिघांनीही पटापट वस्तू उचलल्या आणि तिघंही वयाप्रमाणे योग्य ठरले. या मुलीची आई तेवढी मान खाली घालून बसली होती. नंतर मी तिला विचारलं, "तू का नाही खुणावलंस?"

"त्या मॅडम सांगू नका म्हणल्या हुत्या की," ती म्हणाली.

म्हणजे सांगितलेलं पाळणारं घर तेवढं नापास झालं. आईनं मॅडमचं ऐकलं आणि लेकीनं आईचं.

मुलीच्या नावापुढं शेरा पडला: जिज्ञासा वयाच्या मानानं दोन पायऱ्या खाली. आईच्या हातात एक छापील कागद दिला आणि मॅडमनी तो वाचूनही दाखवला. घरातल्या वस्तू मुलीसमोर मोकळ्या मांडा. तिला सगळ्याला हात लावू द्या. रागावू नका. 'नको' हा शब्द टाळा. जूनच्या आधी फरक दिसला नाही तर पहिलीत घालण्यापूर्वी धाराशिवला तज्ज्ञांना दाखवा. शेवटचं वाक्य ऐकल्यावर आईनं कागदाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. पोरीचं पहिलीत बसणं आता त्या कागदावर होतं.

मुलांच्या मनाच्या वाढीची शास्त्रं मी दोन वेळा शिकले आहे. एकदा नोकरीला लागताना आणि एकदा धाराशिवला सभागृहात, पडद्यावर. मला त्यांचा राग नाही. माझा धाकटा उशिरा बोलायला लागला तेव्हा सासूबाई रोज नवा उपाय सांगायच्या आणि मला झोप लागायची नाही. तेव्हा 'काही मुलं सावकाश बोलतात, समजतं का ते बघा' एवढ्या एका वाक्यानं मला सावरलं होतं. मूल टप्प्याटप्प्यानं वाढतं हे कोणती आई नाकारेल?

मला राग येतो तो पडद्यावरच्या जिन्याचा. आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात तो जिना असतो. पहिल्या पायरीवर रांगणारं बाळ, शेवटच्या पायरीवर पाटी-दप्तर घेतलेला गोरा मुलगा. जिना कुणाच्या घरातला, हे कुणी विचारत नाही. ज्या घरात जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू खेळणं असते त्या घरातल्या मुलांकडं बघून कुणीतरी तो बांधला असणार. त्यात गैर काही नाही. आपल्याजवळ जी मुलं असतात त्यांच्याकडंच माणूस बघतो. पण मग निदान खाली लिहा की ही मुलं कुठली होती, त्यांच्या घरात काय होतं आणि काय नव्हतं. आम्ही गव्हाच्या वाणाला सुद्धा विचारतो की हे कोणत्या जमिनीचं.

माझी नणंद तुळजापूरला असते, पुजाऱ्यांच्या घरात दिलेली. तिचा नातू तीन वर्षांचा असताना कुणाही यात्रेकरूच्या मांडीवर जाऊन बसायचा, "कुठून आलाव? जेवलाव का?" विचारायचा. त्यांच्या घरी बाराही महिने परगावची माणसं उतरतात. परकं माणूस म्हणजे काय, हे त्या मुलाला ठाऊकच नव्हतं. त्याच्याही कागदावर असंच काहीतरी आलं, अनोळखी व्यक्तीबद्दल स्वाभाविक भीती नाही म्हणून. नणंद म्हणाली, "वैनी, भीती घालायला आता आम्ही बागुलबुवा कुठून आणू?" तेव्हा आम्ही हसलो. त्यांचं काही बिघडलं नाही, कारण त्यांनी तो कागद कपाटावर टाकला. शिकलेली माणसं होती, कागद टाकून द्यायची त्यांच्यात हिंमत होती. फटाक्याच्या गावातल्या या आईत ती नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो.

मार्चमध्ये मी तिच्या घरी गेले. आईनं पडवीत डबे, चमचे, पळ्या, वाळत घातलेल्या नळ्या असं सगळं लेकीपुढं मांडलं होतं. मुलगी हात काखेत घालून बसलेली. आई ते हात ओढून बाहेर काढत होती आणि एकेका वस्तूवर टेकवत होती. "धर. धर की गं. काय व्हत न्हाय." मुलगी रडत होती. आदल्या महिन्यापर्यंत ज्या गोष्टीबद्दल शाबासकी मिळायची तीच आता चूक कशी झाली, हे तिला कळत नव्हतं.

आजी ओट्यावर शेंगा सोलत होती. "बघा बाई," ती मला म्हणाली, "तीन पिढ्या हात काखंत ठिवून जगल्या. माझी दाही बोटं हायती. मोजून घ्या."

"तुमी गप बसा आत्याबाई," सून म्हणाली. "तुमाला न्हाय बसायचं पहिलीत."

मी आईला म्हणाले, "अगं, हे सोड. मी सांगते तुला, मुलगी चांगली आहे."

"तुमी कागदावर लिहून देता का?" तिनं विचारलं. मी देऊ शकत नव्हते. माझ्या सहीला त्या कागदापुढं किंमत नाही. पर्यवेक्षिकेनं वजन-उंची तपासायची, मन तपासायचा अधिकार मला नाही. तिनं तो प्रश्न खोचकपणे विचारला नव्हता. तिला खरंच कागद हवा होता.

आणखी एक गोष्ट त्या घरात होती, ती मी आधीपासून बघत आले होते. मुलीचे वडील शेडवर कामाला. संध्याकाळी आले की दाराबाहेरच्या खुंटीवर दारूची पूड बसलेले कामाचे कपडे टांगायचे, मागच्या न्हाणीत अंघोळ करायची आणि मगच आत यायचं. तोवर ही मुलगी उंबऱ्यावर हात काखेत घालून उभी. ओल्या केसांनी बाप समोर आला की म्हणायचा, "सोड." मग ती दोन्ही हात वर फेकायची आणि तो तिला उचलायचा. एप्रिलमध्ये मी संध्याकाळच्या बसची वाट बघत त्यांच्या दारात थांबले होते. बाप गल्लीच्या तोंडाशी दिसला तशी ती धावली आणि मळक्या कपड्यांनिशीच त्याच्या पायांना मिठी मारली. तो विंचू दिसल्यासारखा मागं सरला. मुलगी पडली. आई आतून म्हणाली, "फरक पडायलाय बघा बाई." तिच्या आवाजात आनंद होता. बापानं खुंटी काढून आणखी वर ठोकली.

पण मूल एकदा हात लावायला शिकलं की उंचीही शिकतं. मे महिन्यातल्या एका सकाळी मी लसीकरणाच्या निरोपाला म्हणून त्या घरी पोचले. अंगणातल्या चुलीवर आई भाकरी थापत होती. मुलगी पाठमोरी चुलीशी उकिडवी बसली होती. बापाला त्या दिवशी सुट्टी होती, कामाचा सदरा खुंटीवर होता, म्हणजे असायला हवा होता. तो खाली पडलेला दिसला आणि शेजारी उलटा ठेवलेला डबा, ज्यावर ती चढली असणार. सदऱ्याच्या खिशात वातीचा तुकडा राहिलेला होता. ते खिसे घरात कधी कुणी तपासले नव्हते, कारण त्यांना हात लावणारं कुणी नव्हतंच. मुलगी तो तुकडा निखाऱ्याकडं नेत होती. अगदी शांतपणे, मान वाकडी करून, काय होतं ते बघायला.

मी ओरडेपर्यंत आईनं पीठ लागलेल्या हातानं तो तुकडा हिसकावला. टोक पेटलेलं होतं. वात तिच्या मुठीतच फुरफुरली. तिनं मूठ तशीच पाण्याच्या पातेल्यात घातली.

तळहातावर फोड आले. मी बर्फ आणायला पाठवलं, तो गावात मिळाला नाही, मग ताकाचं फडकं बांधलं. या सगळ्यात ती बाई लेकीवर ओरडली नाही. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं आणि मिटलेलंही पाहिलं. 'नको' म्हणायचं नव्हतं ना. मुलगी आईच्या मुठीकडं बघत उभी होती. हात अर्धे वर गेले होते, काखेपर्यंत, आणि तिथंच थांबले. कुठं ठेवायचे ते तिला कळेना.

आई माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमीच आणलाव ना त्या मॅडमला आमच्या गावात."

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घाबरल्या, हेही खरं. "आईला फार लागलंय का?" हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाल्या, "पण ताई, हा घरातल्या सुरक्षिततेचा भाग झाला. ज्वालाग्राही वस्तू मुलांपासून दूर ठेवाव्यात, असं कागदात शेवटी दिलंय."

"दूरच होत्या. मुलं जवळ जात नव्हती, हेच त्यांचं दूर होतं."

मग त्या म्हणाल्या, "विकासाच्या दृष्टीनं बघितलं तर तिनं खिसा शोधला, डबा उलटा करून त्यावर चढली, हे खरं म्हणजे खूप सकारात्मक आहे."

मी फोन ठेवला. आणखी बोलले असते तर वयाला न शोभणारं बोलले असते.

त्याच महिन्याच्या शेवटी धाराशिवला आढावा बैठक झाली. पडद्यावर जिना आलाच. मग एक फोटो आला. आमची मुलगी, निळ्या पेटीसारख्याच एका खोक्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घातलेली. अंगणवाडीच्या ताईंनी मासिक अहवालासाठी पाठवलेला. खाली लिहिलं होतं: कुटुंबाच्या सहभागातून लक्षणीय सुधारणा. टाळ्या वाजल्या. साहेबांनीही वाजवल्या.

मी उभी राहिले आणि त्या सुधारणेनं आईचा तळहात कसा भाजला ते सांगितलं. मग साहेब म्हणाले, "बाई, अपघात वाईटच. पण एका अपघातावरून आपण शास्त्र मोडीत काढणार का?"

"शास्त्र मोडीत काढू नका. त्या घरात दिलेला सल्ला तेवढा मागं घ्या. ज्यांनी दिला त्यांनी जाऊन घ्यावा. माझं ते ऐकत नाहीत."

"मुलगी पहिलीत बसतेय ना? मग तक्रार कशाची?"

"साहेब, त्या गावात दिवाळीचा माल आता सुरू होईल."

"लेखी द्या," साहेब म्हणाले.

मी लेखी दिलं. मागं बसलेली माझ्याच वयाची एक पर्यवेक्षिका चहाच्या वेळी कानाशी म्हणाली, "कशाला तोंड वाजवलंस? चांगला फोटो होता." मी तिला म्हणाले, "फोटोतली पोर तुझी असती तर?" ती चहात बिस्कीट बुडवत राहिली. अर्जाला उत्तर आलेलं नाही. विचारलं की विचाराधीन आहे म्हणतात. मॅडमची आता दुसऱ्या जिल्ह्यात शिबिरं आहेत. फोन उचलतात, येते म्हणतात, तारीख सांगत नाहीत.

शाळा सुरू झाल्यावर मी गेले. मुलगी पहिलीत बसली आहे, त्याबद्दल कुणाची हरकत उरली नाही. गुरुजी म्हणाले, "पाटीवर छान गिरवते. पण पोरांच्या दप्तरात हात घालते. सांगितलं की रडते." घरी आजीनं स्वतःचा बंदोबस्त सुरू केला होता. ती दिवसभर नातीच्या मागं "हात कुठं? हात कुठं?" करत फिरत होती. मुलगी कधी हात काखेत घालायची, कधी आजीकडं बघून हसायची आणि मुद्दाम नळीला बोट लावायची. तिला तो खेळ वाटायला लागला होता. पूर्वी तो खेळ नव्हता.

आईच्या तळहातावर गुलाबी कातडी आली होती. ती एका हातानं नळ्या वळत होती, दुसऱ्याच्या फक्त बोटांनी आधार देत. मला बघून तिनं सळई बाजूला ठेवली आणि ब्लाउजमधून तो कागद काढला. घामानं घड्यांवर फाटत आला होता.

"बाई, ह्यात लिवलंय नको म्हणू नका. आत्याबाई म्हणत्यात नको म्हण. मालक म्हणत्यात तुझं तू बघ." तिनं कागद माझ्यापुढं धरला. "पहिलीत बसली, आता ह्यो कागुद सुटला का न्हाय? मंग म्या तिला काय सांगू? लाव म्हणू का लावू नको म्हणू? एकच काय ते सांगा. पुन्यांदा बदलायचं आसंल तर नगं. लेकरू येडं व्हईल."

मी तिला सांगितलं, लावू नको म्हण. सगळे जण तेवढंच म्हणा आणि रोज म्हणा.

"त्या मॅडम आल्यावर बदलायच्या न्हाईत ना?"

मी म्हणाले, नाही बदलणार. तिनं कागद फाडला नाही. परत घडी घातली आणि जागेवर ठेवला. ज्यांनी दिला त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत ती तो टाकणार नाही, आणि शेडवर दुप्पट माणसं लागायचे दिवस आले आहेत. त्या मॅडमना त्या पडवीत आणून, त्यांच्याच तोंडून एवढं एक वाक्य वदवून घ्यायचं काम अजून बाकी आहे.